मातीच्या भरावाखाली जपलेलं शहर: दुरा-युरोपोस

३० मार्च १९२०. आजच्या सीरिया-इराक सीमेजवळ, युफ्रेटिस नदीच्या काठावरच्या एका पडक्या किल्ल्यात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेचे शिपाई मोर्चासाठी खंदक खणत होते. पहिलं महायुद्ध संपलं होतं, पण त्या मुलखात अरबांशी चकमकी चालूच होत्या. खणता खणता माती ढासळली आणि आतल्या भिंतीवर रंगवलेली माणसं दिसायला लागली. पुरुषभर उंचीची, डोक्यावर उंच निमुळत्या पांढऱ्या टोप्या, आणि सगळ्यांची नजर थेट बघणाऱ्यावर. रंग ताजे वाटावेत असे.

मर्फी नावाच्या कॅप्टनने त्याच दिवशी वरिष्ठांना पत्र लिहिलं. ते पत्र वर वर सरकत गेलं आणि शिकागोचे प्राच्यविद्यापंडित जेम्स हेन्री ब्रेस्टेड तिथे पोचले. तोवर मे महिना उजाडला होता आणि फौज तिथून मागे हटायच्या बेतात होती. ब्रेस्टेड यांना काम करायला मिळाला फक्त एक दिवस. त्या एका दिवसात त्यांनी शिपायांच्या मदतीने माती उपसून घेतली, भिंतींचे फोटो काढले, मोजमापं घेतली आणि निघाले. आपण कुठल्या गावात उभे आहोत, याचा नीट उलगडा झाला तो १९२२-२३ मध्ये. बेल्जियन विद्वान फ्रान्झ क्युमाँ यांनी तिथे उत्खनन केलं आणि गावाचं नाव नक्की झालं: दुरा-युरोपोस.

पुढे १९२८ ते १९३७ अशी दहा वर्षं अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि फ्रान्सची ‘शिलालेख आणि साहित्य अकादमी’ यांनी मिळून हे गाव खणलं. रशियातून परागंदा झालेले इतिहासकार मिकाएल रोस्तोव्त्झेफ या कामाचे सूत्रधार. त्यांनी याला ‘सीरियन वाळवंटातलं पाँपेई’ म्हटलं. उपमा जाहिरातीला चांगली, पण पाँपेई ज्वालामुखीने बुजवलं. दुरा बुजवलं ते तिथल्याच सैनिकांनी, फावड्यांनी आणि टोपल्यांनी. ते का, हे कळलं की रोमच्या सरहद्दीवरचं जगणं कसं होतं, हेही बरंचसं कळतं.

जागा आणि नाव

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. पूर्वेला युफ्रेटिस, आणि नदीवर उभा सुटलेला कडा. उत्तरेला आणि दक्षिणेला खोल घळी. म्हणजे तीन बाजूंनी निसर्गानेच किल्ला बांधून दिलेला. चौथी, पश्चिमेची बाजू मात्र सपाट, थेट वाळवंटात उघडणारी. तिथे दगडी तट आणि बुरूज बांधले आणि मधोमध पाल्मिरा शहराच्या वाटेकडे तोंड करून मोठा दरवाजा ठेवला. ही पश्चिमेची बाजू लक्षात ठेवा. पुढचं सगळं नाट्य तिथेच घडणार आहे.

गाव वसवलं ते सिकंदराच्या मागून आलेल्या ग्रीकांनी, इ.स.पू. ३०० च्या सुमारास. सिकंदराचा सेनापती सेल्युकस याच्या वाट्याला साम्राज्याचा पूर्वेचा तुकडा आला होता. त्याच्या मूळ गावाचं, मॅसेडोनियातल्या युरोपोसचं, नाव या नव्या वसाहतीला दिलं. स्थानिक लोक मात्र दुरा म्हणायचे. त्या भागातल्या जुन्या भाषांत या शब्दाचा अर्थ तट किंवा कोट. मधली आडवी रेघ टाकून केलेलं जोडनाव आधुनिक अभ्यासकांचं आहे. तिथल्या रहिवाशाला ‘दुरा-युरोपोस’ कुठे आलं विचारलं असतं, तर तो गोंधळला असता.

इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस गाव पार्थियनांकडे गेलं. पार्थियन म्हणजे तेव्हाच्या इराणचे राज्यकर्ते. पुढची पावणेतीनशे वर्षं, मधला एक छोटा खंड सोडला तर, दुरावर त्यांचंच राज्य होतं. तो खंड सम्राट ट्रेजनचा. इ.स. ११५ च्या आसपास त्याच्या फौजा इथवर आल्या, गावाबाहेर विजयाची कमान उभारली आणि दोनेक वर्षांत परत गेल्या.

राज्य इराण्यांचं असलं तरी कागदोपत्री भाषा ग्रीकच राहिली. इ.स. १२१ चं एक कर्जखत सापडलंय. फ्राटीस नावाच्या दरबारी अधिकाऱ्याकडून बार्लास नावाच्या खेडुताने ४०० द्राख्मा घेतले. व्याज पैशात द्यायचं नाही. त्याऐवजी बार्लासने सावकाराकडे राहून पडेल ते काम करायचं, दिवसा किंवा रात्री परवानगीशिवाय जागा सोडायची नाही. आपल्याकडे उचल घेऊन सालगडी राहतात, त्यांना हा मसुदा परका वाटणार नाही.

सरहद्द म्हणजे रेघ नव्हे

इ.स. १६५ मध्ये रोमन पुन्हा आले, आणि या वेळी मुक्कामाला आले. इथून ‘रोमन सीमेवरचं शहर’ ही दुराची ओळख सुरू होते.

आपल्या डोक्यात सीमा म्हणजे नकाशावरची रेघ, काटेरी तार, अलीकडे आपण आणि पलीकडे ते. रोमच्या पूर्वेला तसं काही नव्हतं. नदीच्या काठाने ठाणी होती, ठाण्यांमधून वाटा होत्या आणि वाटांवरून माल, मेंढ्या, नवऱ्या, कर्जं आणि अफवा दोन्ही बाजूंना जात-येत होत्या. रोमची सत्ता तिथे दिसायची ती मुख्यतः सैनिकाच्या रूपाने. आणि हा सैनिक बहुतेक वेळा रोमचा नसायचा.

दुरातली मुख्य पलटण होती ‘पाल्मिराच्या लोकांची विसावी तुकडी’. पाल्मिरा हे वाळवंटातलं व्यापारी शहर, दुराच्या पश्चिमेला काही दिवसांच्या वाटेवर. तिथले धनुर्धारी, घोडेस्वार, उंटस्वार असे हजाराच्या आसपास लोक या पलटणीत होते. त्यांची घरची भाषा अरामी, गावात चालणारी भाषा ग्रीक, आणि पलटणीचं दफ्तर लॅटिनमध्ये. ते दफ्तर सापडलं. अझ्झानाथकोना नावाच्या देवीच्या देवळातल्या एका खोलीत पपायरसचे कागद पडलेले होते. इजिप्तबाहेर पपायरस टिकणं फार दुर्मीळ, त्यामुळे हा शोध मोठाच.

त्या कागदांत काय आहे? कुठल्याही सरकारी कचेरीत असतं तेच. हजेरीपट. इ.स. २१९ आणि २२२ च्या याद्यांमध्ये शेकडो शिपायांची नावं, आणि नावापुढे कोण कुठे गेलाय त्याची नोंद. कोणी अमक्या चौकीवर. कोणी ‘बार्लीसाठी’, म्हणजे दाणागोटा आणायला. काहींपुढे लिहिलंय ‘सिंहांसाठी’. युफ्रेटिसकाठी तेव्हा सिंह होते आणि त्यांच्या मागावर माणसं पाठवणं हे पलटणीच्या रोजच्या कामांपैकी एक होतं. शौर्यगाथांमध्ये सीमेवरचा सैनिक सतत लढत असतो. हजेरीपटात तो पोत्यांच्या मागे फिरताना दिसतो.

या याद्यांमध्ये एक गंमत आहे. जवळपास प्रत्येकजण ‘ऑरेलियस’. ऑरेलियस मोकिमुस, ऑरेलियस मालखुस, ऑरेलियस बार्लाहा. एका घराण्यातले म्हणून नव्हे. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या मुक्त लोकांना रोमन नागरिकत्व देऊन टाकलं. नव्या नागरिकाने सम्राटाच्या घराण्याचं नाव लावायचं अशी रीत होती आणि काराकालाचं अधिकृत नाव होतं मार्कस ऑरेलियस. म्हणजे एका फर्मानाने गावंच्या गावं ऑरेलियस झाली. पुढचं नाव मात्र आईबापांनी ठेवलेलं, अरामी वळणाचं, तसंच राहिलं.

आणखी एक कागद मला फार आवडतो. इ.स. २०८ मधलं पत्र आहे. सीरियाचा सुभेदार मारियस मॅक्सिमस पलटणीच्या प्रमुखाला कळवतो की युलियस बास्सुस या स्वाराच्या नावे एक घोडा चढवावा. घोडा चार वर्षांचा, लालसर रंगाचा, अंगावर डागणीची खूण नाही, मी स्वतः पारखून मंजूर केलेला, किंमत १२५ देनारियस. एवढ्या मोठ्या प्रांताचा कारभारी, आणि एका शिपायाच्या एका घोड्याचं वर्णन त्याच्या नावाने जातंय! रोमन सत्ता एवढी शतकं कशी टिकली, याचं उत्तर लढायांइतकंच अशा कागदांत आहे.

दफ्तरात सणवारांची यादीही होती, सम्राट अलेक्झांडर सेवेरसच्या काळातली, म्हणजे इ.स. २२५ च्या आसपासची. ७ जानेवारीला सेवानिवृत्तांना मानाने निरोप आणि पगारवाटप. त्या दिवशी ज्युपिटरला बैल, जूनोला गाय, मिनर्व्हाला गाय. २१ एप्रिलला रोम शहराचा वाढदिवस. मे महिन्यात पलटणीच्या निशाणांना गुलाबाच्या माळा. ज्यांनी जन्मात रोम पाहिलं नव्हतं, ते पाल्मिराचे उंटस्वार युफ्रेटिसच्या काठावर रोमचा वाढदिवस साजरा करत होते. त्यांच्या गावच्या देवांचं नाव या यादीत नाही. ते देव वेगळ्या देवळांत, वेगळ्या वेळी. सरकारी पूजा सरकारी, घरची घरची.

छावणी गावात शिरते

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लष्कराने गावाचा उत्तरेकडचा भाग ताब्यात घेतला. मध्ये कच्च्या विटांची भिंत घातली. पलीकडे कचेरी, हमामखाने, बराकी. इ.स. २१६ मध्ये एक छोटं गोल रंगमंडळही बांधलं, झुंजी बघायला. अनेक बराकी म्हणजे मुळात लोकांची घरंच, पाडापाडी करून सैनिकांसाठी वळवलेली. घरं गेलेल्यांनी काय केलं असेल, याची नोंद सरकारी दफ्तरात नाही. पुढे नदीच्या कड्यावर एक राजवाडा उभा राहिला, तिथे जो अधिकारी बसायचा त्याचा हुद्दा होता ‘नदीकाठचा सेनापती’. हुद्द्यातच सगळं आलं. रोमला सांभाळायचा होता तो काठ.

सैनिक आले म्हणजे पगार आला आणि पगार आला म्हणजे बाजार आला. नेबुखेलस नावाचा एक व्यापारी गावात राहायचा. कपडे विकायचा, धान्याचे सौदे करायचा, व्याजाने पैसे द्यायचा. वहीऐवजी त्याने घराच्या भिंतीवरच हिशेब कोरून ठेवले: कोणाला काय दिलं, कोणाकडून किती यायचं. त्या सगळ्या येण्या-देण्याच्या गर्दीत एक ओळ अशी आहे: ‘वर्ष ५५०, झांडिकोस महिन्याची ३० तारीख, इराणी आपल्यावर उतरले.’

वर्ष ५५० म्हणजे सेल्युकसच्या शकाचं, आपल्या मोजणीत इ.स. २३९, एप्रिल महिना. सेल्युकसचं राज्य जाऊन तीनशे वर्षं उलटली होती, मधे पार्थियन येऊन गेले, रोमन आले, पण कालगणना त्याचीच चालू होती. सातवाहन गेले तरी आपल्या पंचांगात शालिवाहन शक चालू आहे, तसंच हे.

‘इराणी उतरले’ यातले इराणी आता पार्थियन नव्हते. इ.स. २२४ मध्ये पार्थियनांना हरवून सासानी घराणं सत्तेवर आलं होतं आणि ते जास्त आक्रमक होतं. २३९ च्या हल्ल्यात गाव पडलं नाही. पण पलटणीचा प्रमुख युलियस तेरेन्शियस बहुधा तेव्हाच मारला गेला. त्याच्या बायकोने, ऑरेलिया आर्रियाने, कोरवलेला ग्रीक मृत्युलेख सापडला आहे: मोहिमांमध्ये शूर, युद्धांमध्ये बलवान, आता मृत, लाडक्या नवऱ्याला पुरलं, त्याच्यावरची माती हलकी राहो.

या तेरेन्शियसचा चेहराही आपल्याला ठाऊक आहे. पाल्मिराच्या देवांच्या देवळातल्या भिंतीवर तो उभा आहे, मागे त्याची माणसं, शेजारी निशाणधारी. तो देवांपुढे धूप जाळतोय. खाली दोन बसलेल्या स्त्रिया: एक दुराची नगरदेवता, दुसरी पाल्मिराची. चित्रावर त्याचं नाव लॅटिनमध्ये लिहिलेलं आणि पुरोहिताचं ग्रीकमध्ये. रोमन साम्राज्यातल्या किती साध्या अधिकाऱ्यांचं चित्र, नाव, पलटण आणि बायकोचा शोक असं सगळं एकत्र सापडतं? बोटांवर मोजण्याइतक्यांचं.

एकाच रस्त्यावरचे देव

पश्चिमेच्या तटाला लागून आतल्या बाजूने एक रस्ता जायचा. गावाच्या कडेचा, तसा दुय्यम रस्ता. त्या रस्त्यालगत तीन इमारती होत्या आणि त्यांच्यामुळेच दुराचं नाव जगभर झालं.

पहिली, ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची जागा. बाहेरून साधं घर. एका गिलाव्यावर वर्ष खरडलेलं आहे, ते इ.स. २३२-३३ चं. पुढे कधीतरी मधली भिंत पाडून दोन खोल्यांचं एक दालन केलं, साठ-सत्तर माणसं मावतील एवढं. एका लहान खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड, वर छत्री, भिंतींवर चित्रं. खांद्यावर मेंढी घेतलेला धनगर. खाटेवर पडलेला लुळा माणूस, आणि लगेच शेजारी तोच माणूस बरा होऊन खाट पाठीवर घेऊन निघालेला. समुद्रावर चालणारा येशू. हा येशू बिनदाढीचा तरुण आहे. आपल्या ओळखीचा लांब केसांचा, दाढीचा चेहरा पुढच्या काळातला. येशूची याहून जुनी चित्रं जवळपास नाहीतच. ख्रिस्ती धर्माला रोममध्ये कायदेशीर मान्यता मिळाली ती इ.स. ३१३ मध्ये, म्हणजे हे घर त्याच्या ऐंशी वर्षं आधीचं. आणि छावणीच्या गावातलं. पहिले ख्रिस्ती म्हणजे भुयारात लपून प्रार्थना करणारे, हे चित्र दुराला लागू पडत नाही. घर फोडून दालन करताना, कुंड बसवताना शेजारपाजाऱ्यांना कळलं नसेल, असं मला तरी वाटत नाही.

दुसरी इमारत ज्यूंचं सिनेगॉग. १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये उत्खनन करणाऱ्यांनी तिची पश्चिमेची भिंत उघडी केली तेव्हा विद्वानांच्या जगात खळबळ उडाली. कारण तोवर ठाम समज होता की मूर्ती-प्रतिमा निषिद्ध असल्यामुळे प्राचीन ज्यू आपल्या प्रार्थनास्थळात माणसांची चित्रं काढणारच नाहीत. आणि इथे चारही भिंती भरून चित्रं: नदीतून उचललेलं बाळ मोझेस, समुद्र दुभंगून चाललेले लोक, राणी एस्थर, दाविदाला अभिषेक, हाडांना जीव फुटताना बघणारा यहेज्केल. छताच्या कौलावर इ.स. २४५ च्या सुमाराची तारीख आणि बांधकाम करवून घेणाऱ्या शमुवेलचं नाव. काही चित्रांवर बारीक पहलवी अक्षरांत शेरेही लिहिलेत: अमका लेखनिक अमक्या दिवशी आला, चित्र पाहिलं, आवडलं. इराणी लिपीतले हे शेरे इ.स. २५३ च्या आसपासचे. ज्या इराण्यांची गावाला धास्ती, त्यांच्यापैकीच कोणीतरी येऊन चित्रांचं कौतुक करून गेलं.

तिसरं, मित्र ऊर्फ मिथ्रास या देवाचं देऊळ. हा देव सैनिकांमध्ये लोकप्रिय. हे देऊळ पाल्मिराच्या धनुर्धाऱ्यांनी इ.स. १६८ च्या सुमारास सुरू केलं. त्याच्या भिंतींवर सभासदांची नावं आणि मेजवानीचा खर्च लिहिलेला आहे: मांस, सरपण, दारू. वर्गणीचा हिशेब असतो तसा.

रस्ता ओलांडायच्या अंतरात ग्रीक, अरामी, हिब्रू, लॅटिन, पहलवी. यावरून ‘सर्वधर्मसमभावाचं आदर्श गाव’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी काढणार नाही. पगार आणि बाजार यांच्या ओढीने जवळ आलेली माणसं होती ती. एकमेकांना सांभाळून राहत होती, बस.

भराव

इ.स. २५० नंतर सासानी राजा शापूर पहिला याच्या स्वाऱ्या वाढल्या. सीरियातली शहरं एकामागून एक पडत होती. दुरातल्या फौजेने ओळखलं की वेढा येणार, आणि येणार तो पश्चिमेच्या सपाट बाजूनेच.

दगडी तट दोन तऱ्हांनी पाडता येतो. समोरून धडका मारून, किंवा खालून पोखरून. पोखरण्याला आपण सुरुंग म्हणतो आणि सुरुंग म्हटलं की दारूचा स्फोट आठवतो, पण तेव्हा दारू नव्हती. पद्धत अशी: दूरवरून भुयार खणत तटाच्या पायापर्यंत यायचं. पायाखालची माती काढत जायचं आणि तिच्या जागी लाकडी टेकू देत जायचं. पुरेशी लांबी पोखरून झाली की टेकूंना आग लावायची. टेकू जळाले की वरचा बुरूज आपल्या वजनाने कोसळतो.

यावर उपाय म्हणून रोमनांनी तटाला दोन्ही बाजूंनी मातीचा प्रचंड भराव घातला. बाहेरून उतार, आतून उतार. तट मधे सँडविचसारखा. म्हणजे खालून पोखरला तरी तो आडवा पडणार नाही, जागच्या जागी खचेल. पण आतल्या बाजूला भराव घालायचा तर तटालगतचा रस्ता आणि त्यालगतची घरं आड येत होती. मग छतं काढली आणि खोल्याच मातीने भरून टाकल्या. ख्रिस्त्यांचं दालन, ज्यूंचं सिनेगॉग, मित्राचं देऊळ, आणि ज्या देवळात पलटणीचं दफ्तर पडलं होतं तेही. तटाशी भराव उंच आणि गावाकडे उतरत गेलेला. म्हणूनच सिनेगॉगची तटाकडची भिंत जवळपास पूर्ण उंचीची टिकली आणि समोरची पूर्वेची भिंत खालच्या पट्ट्यापुरती. कुठलं चित्र वाचलं आणि कुठलं गेलं, हे ठरवलं त्या उताराने.

उन्हापासून, पावसापासून, पुढच्या पिढ्यांच्या चुन्यापासून चित्रं वाचली ती अशी. प्लायवूडसारखे लाकडाचे थर चिकटवून केलेली, वर रंगवलेली एक रोमन ढालही याच मातीत टिकली. रोमन सैनिक म्हटलं की सिनेमात दिसते ती गोलाई दिलेली चौकोनी ढाल. तशी खरी ढाल जगात ही एवढीच उरलीय. घोड्याच्या अंगावर घालायची धातूच्या खवल्यांची झूलही मिळाली.

एकोणिसावा बुरूज

वेढा पडला इ.स. २५६ च्या सुमारास. या वेढ्याचं वर्णन एकाही प्राचीन लेखकाने केलेलं नाही. शापूरने इराणमध्ये कोरलेल्या विजयलेखात जिंकलेल्या गावांच्या यादीत दुराचं नाव येतं, तेवढंच. बाकी सगळं मातीतून वाचावं लागलं. वेढ्याची भुयारं शोधली ती रोबेर द्यू मेनिल द्यू बुइसाँ या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने. पहिल्या महायुद्धात लढलेला माणूस. खंदक आणि भुयारं त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

अभ्यासकांनी बुरुजांना क्रमांक दिले, त्यातला हा एकोणिसावा. इराण्यांनी त्याच्याखाली भुयार खणलं. रोमनांना सुगावा लागला आणि त्यांनी आतून उलट भुयार खणून शत्रूचं भुयार गाठायचा प्रयत्न केला. त्या रोमन भुयारात सुमारे वीस रोमन सैनिकांचे सांगाडे एकावर एक रचल्यासारखे सापडले. कंबरेच्या कशात नाणी होती, सगळ्यात अलीकडचं नाणं इ.स. २५६ चं. त्यांच्यापासून थोडं दूर एकटा पडलेला एक इराणी, अंगात कड्यांचं चिलखत, जवळ लोखंडी शिरस्त्राण आणि तलवार.

द्यू मेनिल यांची मांडणी अशी होती की भुयारात हातघाई झाली, वरच्या रोमनांनी घाबरून तोंड बुजवलं आणि आत अडकलेले आपलेच लोक मेले. लेस्टर विद्यापीठाच्या सायमन जेम्स यांनी २००९ मध्ये वेगळा अर्थ लावला. सांगाडे पडले आहेत त्या जागेत वीस माणसं उभी राहून लढणं शक्यच नव्हतं. शिवाय भुयारात गंधक आणि डांबर यांचे अवशेष मिळाले. दोन्ही एकत्र जळली की निघणारा धूर श्वासात जाऊन ओल लागताच आम्ल होतो. रोमनांचं भुयार वरच्या पातळीवर होतं, इराण्यांचं खालच्या. रोमनांनी मधली माती फोडली आणि दोन भुयारं मिळून धुराडं तयार झालं. इराण्यांना खणण्याचे आवाज आधीच ऐकू आले असणार. ते शेगडी पेटवून तयार होते. गंधक-डांबर टाकलं की धूर वरच जाणार. दोन-तीन मिनिटांत काम संपलं असेल. मग इराण्यांनी ती प्रेतं आडोशासारखी रचली आणि टेकूंना आग लावली. तो एकटा इराणी बहुधा आग लावणारा, ज्याला वेळेत निघता आलं नाही.

मला जेम्स यांचं म्हणणं जास्त पटतं, मुख्यतः त्या जागेच्या मापामुळे. ते बरोबर असेल तर विषारी धुराच्या युद्धातल्या वापराचा हा सगळ्यात जुन्या प्रत्यक्ष पुराव्यांपैकी एक आहे.

आणि एवढं करून बुरूज पडला का? नाही. तो खाली खचला आणि भरावात अडकून उभा राहिला. भरावाने आपलं काम चोख केलं होतं. इराण्यांनी मग दुसऱ्या बुरुजाखाली भुयार नेलं, तटाच्या उंचीपर्यंत मातीचा चढाव रचला. शेवटी गाव पडलं. जे जगले ते कैदी होऊन इराणकडे नेले गेले असावेत, कारण त्यानंतर दुरा कोणी पुन्हा वसवलंच नाही. नेबुखेलससारख्यांची येणी तशीच राहिली.

नंतर

एकशे सात वर्षांनी, इ.स. ३६३ मध्ये, सम्राट ज्युलियन इराणवर चालून जाताना फौजेसह इथून गेला. बरोबर असलेल्या अम्मियानुस या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की दुरा ओसाड पडलं होतं आणि आजूबाजूला हरणांचे मोठे कळप होते. सैनिकांनी काही हरणं बाणांनी मारली, काही नदीत पोहताना वल्ह्यांनी. त्या दिवशी फौजेला पोटभर मांस मिळालं. बाकीची हरणं नदी पार करून वाळवंटात निघून गेली.

उत्खननात मिळालेल्या वस्तूंची नंतर वाटणी झाली. सिनेगॉगची चित्रं दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. ख्रिस्ती घरातली चित्रं, मित्राचं देऊळ, तेरेन्शियस आणि ती ढाल येलला. १९८६ पासून फ्रेंच-सीरियन पथक पुन्हा काम करत होतं, ते २०११ च्या यादवीपर्यंत. त्यानंतर गावावर पुन्हा कुदळी पडायला लागल्या, या वेळी चोरांच्या. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून एप्रिल २०१४ मध्ये मोजणी केली तेव्हा तटाच्या आतल्या सुमारे ५० हेक्टरांपैकी ७६ टक्के जागेवर खड्डे पडलेले होते, एकाला एक खेटून, मोजता येऊ नयेत असे.

चोर शोधतात नाणी, दागिने, मूर्ती. खाली उतरताना वाटेत आलेल्या भिंतीचा गिलावा झडतो, त्याकडे कोण बघतो. नेबुखेलसने आपले हिशेब आणि ‘इराणी आपल्यावर उतरले’ हे वाक्य कोरलं होतं, ते गिलाव्यावरच.